उन्हाळी सुट्टी: शिक्षकांनी काम किती करावं, विश्रांती किती घ्यावी?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी,

१ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली, की दीड महिना मास्तर मोकळे, असं गाव धरून चालतं. या दिवसांत ज्या लग्नाला जावं तिथं कुणीतरी म्हणतंच, "तुमची काय बुवा, मजा आहे." त्यावर वाद घालण्यासाठी हा धागा नाही. सुट्टी मिळते हे खरंच आहे. ती मिळूनही जूनमध्ये आपण थकलेलेच का शाळेत जातो आणि त्यावर काय करता येईल, एवढंच बोलू या.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, चार वर्ग आणि आम्ही दोघं. सुट्टीत येणारं काम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे: दाखलपात्र मुलांची यादी, जूनचा शाळापूर्व तयारी मेळावा, पाठ्यपुस्तकांची मागणी आणि वाटप, युडायसची (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) दुरुस्ती, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) असाल तर मतदारयादी, शिवाय प्रशिक्षणं. दुष्काळ जाहीर झालेल्या गावात सुट्टीतही पोषण आहार शिजवावा लागतो. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. रोजगार हमीवर गेलेल्या आईबापाच्या पोराला दुपारी गरम खिचडी मिळत असेल, तर त्यासाठी शाळा उघडायला मी कधीही तयार आहे.

मला त्रास होतो तो सुट्टीचे तुकडे पडण्याचा. आठ दिवस सलग काम करून घ्या, चालेल. पण मंगळवारी सकाळी ग्रुपवर "तात्काळ" म्हणून मेसेज येतो: इयत्तावार, जातसंवर्गवार पट (विद्यार्थीसंख्या) आज दुपारपर्यंत पाठवा. माहिती लिहायला वीस मिनिटं पुरतात. पण जनरल रजिस्टर शाळेच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे आणि मी असतो सासुरवाडीला. मग गाडी काढा, उन्हातून जा, या. दिवस संपला. पुन्हा असा मेसेज कधी येईल या विचाराने पुढचे चार दिवस फोन हातातून सुटत नाही. विश्रांती मोडते ती त्या वाट बघण्यानं.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक पद्धत बसवली आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जनरल रजिस्टर, हजेरी, पोषण आहाराची साठा नोंदवही, भौतिक सुविधांचा तक्ता, जे जे सुट्टीत मागतात त्याच्या चालू पानांचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवतो. मे महिन्याचा पहिला पंधरवडा कामाला हातच लावायचा नाही. त्यानंतर बुधवारी सकाळी दोन तास फक्त कार्यालयीन कामं, एका आठवड्यात मी, दुसऱ्यात मॅडम. ज्याची पाळी नाही त्याने ग्रुप उघडायचाही नाही. आणि जून लागला की शाळेचं काम सलग, मन लावून: नियोजन, साहित्य, वर्गाची रंगरंगोटी. या पद्धतीनं मला उन्हाळा परत मिळाला. आधी विश्रांतीची जागा ठरवा आणि उरलेल्यात काम बसवा, असं माझं ठाम मत झालंय.

तुमच्याकडे काय करता? सविस्तर लिहा.

वऱ्हाडातली_ताई

धागा काढलात ते फार बरं केलंत मास्तर. मी अनुदानित माध्यमिक शाळेत आहे, अकोल्याकडे. आमचा उन्हाळा बोर्डाच्या पेपरांतूनच सुरू होतो. दहावीचे गठ्ठे तपासून मॉडरेटरकडे जातात न जातात तोच नववीची वार्षिक, मग निकाल. मार्च-एप्रिलमध्ये डोळे आणि मान दोन्ही कामातून जातात.

आणि मे महिन्यात पट. हे शहरातल्या पालकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, विद्यार्थी कमी भरले की शिक्षकाचं पद अतिरिक्त ठरतं. त्यामुळे आम्ही सगळे गटागटाने वाड्या-वस्त्यांवर, लगतच्या खेड्यांत जातो. चौथी-सातवी झालेल्या मुलांची घरं शोधायची, आईवडिलांना भेटायचं, आमच्या शाळेत घाला म्हणून विनवायचं. पारा पंचेचाळिसाच्या वर असतो. घरोघरी माठातलं पाणी देतात लोक, तेवढाच आधार.

आमच्या शाळेत आता एवढं ठरवून घेतलंय की पट शोधायला सकाळी सहा ते नऊ या वेळेतच जायचं आणि गावं वाटून घ्यायची. पूर्वी सगळे सगळीकडे जायचे. नऊनंतर कुणालाही कुठेही पाठवायचं नाही, यावर मुख्याध्यापकही ठाम आहेत. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात, म्हणजे एक आठवडा जास्तीचा मिळतो. तो मी कुणालाच देत नाही. तेव्हा हवा जरा निवलेली असते, पेरणीची लगबग सुरू होते. मी माहेरी शेतावर जाते आणि आईसोबत राहते.

कृत्तिका_७९

मास्तरांची पद्धत वाचली. आवडली. पण "पहिला पंधरवडा कामाला हात लावायचा नाही" हे वाचून थांबले. कुठल्या कामाला?

मी प्राथमिक शिक्षिका, नगर जिल्हा. शाळेला सुट्टी लागली की घरात सगळ्यांच्या तोंडी एकच: आता तू घरीच आहेस ना. मग कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाचा मसाला, लोणचं. नणंदा पोरांना घेऊन येतात. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "तुला सुट्टी आहे तेव्हाच करू" म्हणून मे महिन्यातच ठरतं. ज्यांनी कुरडया केल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. तो रात्रभर बसला की वरचं पाणी काढून पहाटे चारला मोठ्या पातेल्यात शिजवायचा. गुठळी होऊ नये म्हणून हाटत राहावं लागतं, त्यात दंड भरून येतात. उन्हं तापायच्या आत गच्चीवर साच्याने घालून झाल्या पाहिजेत. हे सगळं झाल्यावर अकराला कुणी म्हणालं की "तुम्ही शिक्षक लोक आराम करता", तर मी काय उत्तर द्यावं?

मला कुरडया करायला आवडतात. शेजारच्या चार बायका एकत्र येतो, गाणी होतात, चीक खायला पोरं जमतात, ते सुख वेगळंच. पण ते माझ्या विश्रांतीच्या खात्यात कुणी टाकू नये. शिक्षिकेच्या सुट्टीबद्दल बोलायचं तर शाळेचं काम आणि घरचं काम दोन्ही मांडा, आणि मग किती उरतं ते बघा.

दोन वर्षांपूर्वी मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. पाहुणे यावेत, पण मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत नको. वाळवणातलं पापड आणि शेवया गावातल्या बचत गटाकडून घेऊ, घरी फक्त कुरडया. दुपारी जेवण झाल्यावर दोन ते पाच माझी खोली बंद. सासूबाई आधी गप्प होत्या. मग त्याच म्हणाल्या, आम्हालाही कुणीतरी हे सांगायला हवं होतं. त्या तीन तासांत मी झोपते, वाचते, कधी नुसती पडून राहते. शाळेचं काही करत नाही.

माणदेशी_मास्तर

कृत्तिकाताई, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या मॅडमना फोन केला. बुधवारची पाळी त्यांच्यासाठी घरातून सुटकेची की घरात आणखी एक भार, हे विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेत येऊन करायचं असेल तर सुटका, घरी बसून करायचं असेल तर भार. तेव्हा यापुढे त्यांची पाळी शाळेतच.

शिक्षिकेचा_नवरा

मी शिक्षक नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी बायको बालवर्गाला शिकवते, खाजगी शाळेत. मुलांना सुट्टी असते तेव्हाही शिक्षिकांना मे महिन्यात उन्हाळी शिबिर, प्रवेशाचं टेबल, बुलेटिन बोर्ड यासाठी बोलावतात. घरी आल्यावर ती बराच वेळ बोलतच नाही. मला आधी राग आलाय असं वाटायचं. नंतर कळलं की दिवसभर लहान मुलांशी मोठ्याने, हसून बोलून ती थकलेली असते आणि तिला शांतता हवी असते. आता मे महिन्यात संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आणि मुलाला खेळायला नेणंही माझ्याकडे. घरातल्या पुरुषांनी एवढं तरी आपलं समजून करावं.

बंदरावरचे_गुरुजी

मी निवृत्त मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग. मास्तरांचं म्हणणं शंभर टक्के पटतं, पण यातला निम्मा भाग मुख्याध्यापकाच्या हातात असतो, तोही लिहायला हवा.

माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जात नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कामाचे सांगितलेत, आणि शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास, तयारीसह. "तयारीसह" हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे पाठाची तयारी हे कामच मानलेलं आहे, ते रात्री जागून किंवा सगळं मे महिन्यात उरकायचं असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट आहे. ही तीन कामं मात्र टाळता येत नाहीत आणि ती नेमकी उन्हाळ्यात येतात. २०२४ ची लोकसभा आठवा: राज्यात १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्पे. यंदा जनगणनेचं घरयादीचं काम आहे. देशभरासाठी मुदत एप्रिल ते सप्टेंबर २०२६, त्यात प्रत्येक राज्याला सलग ३० दिवस.

म्हणून मुख्याध्यापकांना माझं सांगणं. एप्रिलमध्येच एका कागदावर लिहा: कुणाला जनगणना आहे, कुणाला प्रशिक्षण, कुणाच्या घरी लग्न, कुणाचं बाळंतपण. ज्याला सरकारी ड्युटी आहे त्याच्याकडे शाळेचं एकही काम ठेवू नका. मी हा कागद कार्यालयात भिंतीला लावत असे, त्यामुळे कुरबुर होत नसे. दुसरं, वरून आलेली माहिती आपल्याकडे आधीच असेल तर शिक्षकाला फोन करू नका, स्वतः भरून टाका.

फोटो काढून ठेवण्याची युक्ती उत्तम. फक्त त्या पानांवर मुलांचे आधार क्रमांक, पत्ते, जन्मतारखा असतात. फोन कुलूपबंद ठेवा, ते फोटो ग्रुपवर टाकू नका आणि जूनमध्ये काढून टाका.

तासिकेवरचा

सगळं वाचतोय. एक वेगळी बाजू मांडतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला तर पैसे. एप्रिल संपला की तास संपतात, मग जून-जुलैत पुन्हा नेमणूक होईपर्यंत काहीच नाही. माझ्यासारखे कितीतरी जण मे महिन्यात क्लासला शिकवतात, कुणी रसवंती चालवतो, कुणी सीईटीच्या बॅचला उभा राहतो. आमची "सुट्टी" म्हणजे बिनपगारी दिवस.

तरी विश्रांती आम्हालाही लागते. शरीर नेमणुकीचा आदेश बघत नाही. मी क्लासवाल्यांकडून आठवड्याचा एक पूर्ण दिवस मोकळा मागून घेतला आहे, थोडे पैसे कमी झाले तरी. कायम असलेल्या सहकाऱ्यांना एक विनंती: जूनमध्ये वेळापत्रक लावताना तासिकेवरच्या माणसाला सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा असे तास देऊ नका. मधले चार तास बिनपैशाचे जातात. तुमच्याकडून एवढं झालं तरी माझा पुढचा उन्हाळा हलका होईल.

माणदेशी_मास्तर

@तासिकेवरचा, मनापासून आभार. मी धागा काढताना फक्त पगारी सुट्टी असणाऱ्यांचा विचार केला होता. वेळापत्रकाचा मुद्दा तर कुणीही उद्यापासून अमलात आणावा असा आहे. शिक्षणसेवकांचंही लिहा कुणीतरी. पहिली तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला १६ हजार. गावापासून लांब नेमणूक असते. सुट्टीत घरी जाऊन यायचं तिकीटही त्यांना जड जातं.

पेडण्याची_बाय

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. त्या वर्षी ७ एप्रिलला वर्ग भरले. म्हणजे जुन्या वर्षाचा निकाल आणि नव्या वर्षाचा पहिला धडा यांच्यात श्वास घ्यायलाही फट नाही. मे महिना सुट्टी, जूनच्या सुरुवातीला परत.

यातून एक चांगलं झालं ते सांगते. एप्रिलमध्ये नवा वर्ग बघितलेला असतो. कुणाला अपूर्णांक येत नाहीत, कुणाचं वाचन अडतं हे कळलेलं असतं. त्यामुळे सुट्टीतलं नियोजन हवेत होत नाही. मी मे महिना लागायच्या आधीच वहीच्या दोन पानांत एवढंच लिहून ठेवते: या मुलांना जूनमध्ये काय लागणार. मग वही बंद. थेट जूनलाच उघडते. महाराष्ट्रात वर्ग जूनमध्ये भेटतो, पण जुन्या वर्गशिक्षकाने अशी दोन पानं नव्याला दिली तर किती सोपं होईल.

वऱ्हाडातली_ताई

@पेडण्याची_बाय, दोन पानांची कल्पना घेतली! आमच्याकडे आठवीचा वर्ग नववीला देताना फक्त गुणतक्ता देतात. त्यातून "या पोराचे वडील गेल्या वर्षी वारले" हे कळत नाही.

खोडरबर

टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षा) कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. माझं वय अठ्ठेचाळीस. वीसेक वर्षं नोकरी झाली. मुलं ज्या वयात स्पर्धा परीक्षेला बसतात त्या वयात माझी मुलगी आहे आणि आम्ही बापलेक एकाच टेबलावर अभ्यास करतोय. तिला याचा फार आनंद होतो. मला धाकधूक आहे.

दीडशे प्रश्न, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. माझा हा सगळा उन्हाळा यातच जाणार. अशा वेळी विश्रांती कशी बसवायची?

माणदेशी_मास्तर

सर, मीही त्याच बोटीत. आम्ही तालुक्यातले काही जण सकाळी साडेसहा ते नऊ वाचनालयात बसतो. तेवढंच. दुपारी पुस्तक उघडायचं नाही हे एकमेकांना बजावून ठेवलंय. गणित-परिसर आपण रोज शिकवतो, त्यामुळे त्यावर कमी वेळ आणि इंग्रजी व मानसशास्त्रावर जास्त. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या तर भीती लवकर उतरते. आणि सुट्टीतली बाकीची कामं या वर्षी घेऊच नका. वर्गाची रंगरंगोटी यंदा राहिली तर राहू द्या. मुलं रंगाशिवायही शिकतात, तुमची नोकरी टिकली पाहिजे.

कृत्तिका_७९

खोडरबर, लेकीला तोंडी प्रश्न विचारायला सांगा. माझ्या मुलाने मला असंच तयार केलं. नोव्हेंबरच्या टीईटीत सुटले मी.

स्वर_आरोग्य

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षक खूप, आणि ते हमखास फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आवाज पूर्ण बसल्यावर. उन्हाळ्यात कुणी येत नाही, खरं तर तेव्हाच यायला हवं. स्वरतंतूंवरची सूज किंवा गाठ मऊ असते तोवर विश्रांती आणि व्यायामाने पुष्कळदा बरी होते. ती जुनी होऊन कडक झाली की वेळ लागतो, कधी शस्त्रक्रियाही.

सुट्टीत एवढं करा. आवाज बसलेला असताना कुजबुजून बोलू नका. कुजबुजण्यातही स्वरयंत्रावर ताण येतो, त्यापेक्षा हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. सारखं घसा खाकरणं सोडा, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. दिवसभर थोडं थोडं पाणी, साधी वाफ. लग्नाच्या हॉलमध्ये बँडच्या वर आवाज काढून गप्पा मारू नका, बाहेर जाऊन बोला. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्यांनी जूनमध्ये टाळी, घंटा, हात वर अशी खूण मुलांना लावावी, म्हणजे "शांत बसा" ओरडावं लागत नाही.

ज्यांना जनगणनेला दारोदार बोलायचं आहे त्यांनी पाण्याची बाटली विसरू नये.

शिक्षिकेचा_नवरा

हे बायकोला वाचून दाखवलं. ती बालगीतं शिकवून शिकवून गेले दोन महिने घोगरी आहे. सोमवारची वेळ घेतली.

माळावरची_शाळा

एक शंका. सुट्टीत ड्युटी केली तर अर्जित रजा (साठवता येणारी पगारी रजा) मिळते म्हणतात. आमच्याकडे कुणी नीट सांगत नाही.

बंदरावरचे_गुरुजी

मिळते. शिक्षक दीर्घ सुट्टीचे कर्मचारी असल्याने एरवी इतरांसारखी अर्जित रजा आपल्याला नसते. पण लेखी आदेशाने सुट्टी उपभोगता आली नाही तर त्या प्रमाणात ती जमा होते, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ प्रमाणे. हिशेब असा: ३० गुणिले ड्युटीत गेलेले सुट्टीचे दिवस, भागिले वर्षाची एकूण दीर्घ सुट्टी. समजा दीर्घ सुट्टी ६० दिवसांची आणि २० दिवस ड्युटीत गेले, तर १० दिवस अर्जित रजा.

यासाठी तीन कागद जपा. ड्युटीचा आदेश, त्यात तारखा हव्यात. हजर झाल्याचा आणि कार्यमुक्त केल्याचा दाखला, सही-शिक्क्यासह. आणि तुमचा मुख्याध्यापकांमार्फतचा अर्ज, ज्याची पोच घ्यायचीच. तोंडी सांगून किंवा ग्रुपवरच्या मेसेजवर ड्युटी केली असेल तर आधी लेखी आदेश मागा, नंतर कुणी देत नाही. जून संपायच्या आत अर्ज द्या आणि सेवापुस्तकात नोंद झाली का, हे दिवाळीपूर्वी स्वतः जाऊन डोळ्यांनी बघा.

माळावरची_शाळा

धन्यवाद गुरुजी. गेल्या वर्षीचा प्रशिक्षणाचा आदेश सापडला, पण कार्यमुक्तीचा दाखला घेतलाच नव्हता. आता काय करता येईल?

बंदरावरचे_गुरुजी

प्रशिक्षण केंद्राचं हजेरीपत्रक असतं. त्याची साक्षांकित प्रत मागणारा अर्ज त्या केंद्राकडे द्या, एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला. प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा. मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, मी टाकतो.